गाळलेल्या ओळी कुठे जातात?



‘ऑटोमेशन शिकायचंय, पण कोडिंग येत नाही,’ असं तुमच्यापैकी बरेच जण सांगतात. बर्लिनमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या एन-एट-एनसारख्या साधनांचं आकर्षण त्यातच आहे. चौकोन ओढायचे, रेषांनी जोडायचे. फॉर्म भरला की नोंद शीटमध्ये, तिथून ईमेल. पण कुठेतरी तयार चौकोन पुरत नाही. मग ‘कोड नोड’ उघडून जावास्क्रिप्टच्या किंवा पायथनच्या दहा-बारा ओळी लिहाव्या लागतात. आज त्या ओळींबद्दल बोलायचंय, कारण कोण आत आणि कोण बाहेर हे तिथे ठरतं.

समजा, इथे रत्नागिरीत एखाद्या मोहल्ल्यातल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज तुम्ही तपासून देताय. गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे स्क्रिप्टने बघायचं. पटकन सुचणारी ओळ अशी: दोन्ही नावं सारखी असतील तर ठेव, नाहीतर गाळ. चालवली की हिरवी खूण येते. एरर नाही. काम झालं असं वाटतं.

आता गळलं कोण ते बघा. ‘ज़ैनब’मधला ज़ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकच सलग चिन्ह म्हणून, किंवा ‘ज’ आणि वेगळा नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, स्क्रिप्टला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. जावास्क्रिप्टमधलं ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन ही दोन रूपं एक करतं. तुलना करण्याआधी ते वापरा, आणि नावाच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा ‘ट्रिम’ने काढा.

पण एकीकडे ‘ज़ैनब’ आणि दुसरीकडे ‘झैनब’ असेल तर? तिथे नॉर्मलाइझ काही करू शकत नाही. इंग्रजीत मोहम्मद कुठे पूर्ण लिहिलेला, कुठे नुसता ‘एमडी’. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. आणि लग्न झालेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. म्हणजे जी मुलगी लग्नानंतरही शिकतेय, नेमकी तीच गळते. तिला कुणी नकार दिलेला नसतो. तिची ओळ पुढे गेलेली नसते, इतकंच. त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची, हेही तिला कळत नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच: स्क्रिप्टने ओळ गाळू नये, बाजूला ठेवावी. प्रत्येक नोंदीला ‘स्थिती’ नावाचा एक रकाना जोडा आणि त्यात ‘जुळलं’ किंवा ‘तपासा’ लिहा. पुढे ‘इफ’ नोडने दोन वाटा करा. ‘तपासा’वाल्या नोंदी कारणासकट वेगळ्या शीटमध्ये जाऊ द्या आणि ती शीट कोण बघणार, त्या माणसाचं नाव आधीच ठरवा. दुसरं म्हणजे मोजा. कोड नोड एरवी सगळ्या नोंदींसाठी एकदाच चालतो, त्यामुळे मोजणी तिथेच होते. साठ अर्ज आत आले तर जुळलेले आणि तपासायचे मिळून साठच भरले पाहिजेत. नाही भरले, तर स्क्रिप्टने एरर देऊन काम थांबवावं.

हल्ली असा कोड एआयकडून लिहून घेता येतो. जरूर घ्या. पण त्यात ‘फिल्टर’ हा शब्द दिसला की थांबा आणि विचारा, ही ओळ कुणाला बाहेर काढतेय? एवढं वाचता येण्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत तोंडी तलाकच्या विरोधात मोर्चा काढला, तेव्हा त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. फक्त सात. उद्या तुमच्या ‘तपासा’ यादीतही सातच नावं असतील. त्या सातही जणींना फोन करा. त्यासाठी वेळ मिळावा, म्हणूनच तर बाकीचं काम आपण यंत्रावर सोपवतो.