आपल्या आवडीचं गाणं

(पिंपळे सौदागर येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आज मी रेशन किंवा पोटगीवर नाही, गाण्यांवर बोलणार आहे. कुणी म्हणेल, हा काय चळवळीचा विषय झाला? पण गटाच्या बैठकीत ‘नवऱ्याला कोणती भाजी आवडते?’ विचारलं की उत्तर लगेच येतं. ‘तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?’ विचारलं की बायका एकमेकींकडे बघतात. ‘आम्हाला काय, लागेल ते ऐकायचं!’ आपली आवड नसणं हा बाईचा स्वभाव नव्हे, ती लावलेली सवय आहे. म्हणून मी माझी आवड सांगते. पटली नाही तर भांडा.

सगळ्यात वर माझ्यासाठी किशोरी आमोणकरांनी गायलेला सोयराबाईंचा ‘अवघा रंग’ हा अभंग. पुष्कळजणी तो भक्तीचं गाणं म्हणून ऐकतात. मला त्यात दावा ऐकू येतो. सोयराबाई चोखोबांची पत्नी, चौदाव्या शतकातली. त्यांच्या जातीला पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. तो मिळायला साने गुरुजींचं १९४७ मधलं उपोषण व्हावं लागलं. दाराबाहेर ठेवलेली बाई सगळं एकच आहे म्हणते, तेव्हा ती आत घेणाऱ्यांनाच प्रश्न विचारते.

दुसरी सुलोचना चव्हाणांची लावणी. ‘ताई, तुम्हीसुद्धा?’ असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय! लावणीचे शब्द बहुतेक पुरुषांनी, पुरुषांच्या नजरेसाठी लिहिले, हे खरंच. ते मला खटकतं. पण अंगभर पदर घेऊन उभ्या राहणाऱ्या सुलोचनाबाईंच्या आवाजातली ठसक कुणी लिहून दिलेली नव्हती. त्यांना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, त्याच वर्षी त्या गेल्या. शब्दांवर टीका करूया, पण लावणी ऐकते म्हणून बाईला नावं ठेवणं हे काही आपलं काम नव्हे.

तिसरा अल्बम शुभा मुद्गलांचा ‘मन के मंजीरे’. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने तो २००० च्या सुमारास काढला. त्याच्या चित्रफितीत मीता वसिष्ठ ट्रक चालवते. घर सोडून निघालेली बाई रडत नाही, हसते, हे तेव्हा टीव्हीवर नवीन होतं. मात्र संगीत मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतं. घर सोडणं इतकं सोपं नसतं, हे आपल्याइतकं कोण जाणतं?

ते न सोपं असणं मला सापडलं अमेरिकेच्या ट्रेसी चॅपमनकडे. तिच्या १९८८ च्या पहिल्या अल्बममध्ये एक गाणं कुठल्याही वाद्याशिवाय आहे. भिंतीपलीकडे बाईला मारहाण होते, शेजारीण ऐकते, पोलिसांचा उपयोग होत नाही. इंग्रजी न समजणारीलाही त्यातली शांतता कळते. इथे पिंपळे सौदागरला सोसायट्यांमध्ये भिंतीला भिंत लागून आहे. आवाज आला की आपण टीव्ही मोठा करतो. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानुसार शेजारीणसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर तिच्यावर जबाबदारी येत नाही. गाणं ऐकून एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

शेवटी जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी इथून जवळच्या मुळशीत आणि महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता त्या ‘परी’ या संकेतस्थळावर मोबाईलवरही ऐकता येतात. या ध्वनिमुद्रणांत ना वाद्यवृंद, ना सफाई. पण इथे शब्द बाईचे, चाल बाईची, आवाजही बाईचा. विजेची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. मात्र पहाटेची ती आपली बोलायची जागाही गेली. जातं परत नको, जागा मात्र हवी.

म्हणून एक सूचना करते. महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की अर्धा तास राखून ठेवूया. दर वेळी एकीने आपलं गाणं लावायचं, भीमगीत असो, गझल असो की सिनेमाचं. का आवडतं, ते तिनेच सांगायचं. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. ‘मला हे आवडतं’ असं चारचौघींत म्हणायची सवय झाली, की ‘मला हे चालणार नाही’ म्हणायलाही जीभ अडखळणार नाही.

पुढच्या महिन्यात पहिलं गाणं कोण लावणार, ते इथून उठायच्या आधी ठरवूया.