मोहलत

तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरचे दवाखाने आज बंद ठेवून येथे आलेल्या माझ्या वैद्यकबंधू-भगिनींनो,

जुन्या दप्तरांत ज्याची नोंद 'रौजा' अशी आहे त्या खुलताबादेत, सूफी संतांच्या दर्ग्यांच्या आणि उघड्या आभाळाखाली विसावलेल्या बादशहाच्या सान्निध्यात, मला नेहमी आठवण होते ती मलिक अंबराची. कारण खडकी वसविताना ज्याने डोंगराच्या पोटातले पाणी हेरले आणि जमिनीखालच्या बांधीव नहरीतून ते शहरात नेले, वर ओलाव्याची खूणही नसताना खालचा प्रवाह ज्याला कळला, त्याचा मकबरा याच गावात आहे, आणि आज ज्या व्याधीविषयी मी बोलणार आहे तीही वर काही दिसण्यापूर्वी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, शरीरात अशीच खालून वाहत असते.

मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उतारवयातला, पोट सुटलेला, पहाटे फिरावयास निघालेला गृहस्थ उभा राहतो. मी बोलतो आहे तो मधुमेह त्याचा नामबंधू आहे, सख्खा भाऊ नव्हे. त्यात दोष गुळाचा नाही, आळसाचा नाही, आईच्या लाडाचा तर मुळीच नाही; शरीराच्या रक्षणासाठी ज्या पेशींची नेमणूक झालेली असते त्याच पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींना परक्या समजून त्यांचा हळूहळू संहार करतात. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन वर्ग करून पहिल्याचा रोगी कृश, रूक्ष आणि तृषार्त, तर दुसऱ्याचा स्थूल आणि बहुभक्षी असतो असे सांगितले आहे. आजच्या वर्गीकरणाशी ते तंतोतंत जुळते असा दावा मी करणार नाही. परंतु ही दोन माणसे दोन निरनिराळ्या रोगांनी पीडित आहेत हे त्या निरीक्षकाने टिपले होते, आणि आपण मात्र अजूनही आजारी मुलाच्या आईला 'फार गोड खाऊ घातलेत का?' असे विचारून तिच्या दुःखात अपराधाची भर घालतो.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. त्यापूर्वी हा रोग जडलेल्या मुलाच्या आयुष्याचा हिशोब बहुधा महिन्यांतच करावा लागे. आज औषध आहे; तरीही मुले दगावतात, आणि अनेकदा ती रोगाची ओळखच न पटल्यामुळे दगावतात.

हे मी अनुभवाने सांगतो. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत म्हैसमाळच्या पायथ्याच्या एका वस्तीवरून आठ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. चैत्र सरत आला होता. श्वास खोल आणि जोराचा, ओठ सुकलेले, दोनदा वांती झालेली, पोटही दुखत होते. आई म्हणाली, "पंधरा दिस झाले, पोरगं घागर रिती करतंय, अन् अंथरूण भिजवतंय." मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी कोण पीत नाही? मी ते वाक्य ऐकले आणि बाजूला ठेवले. श्वासावरून छातीचा विकार ठरविला, अशक्तपणासाठी ग्लुकोजचे सलाइन लावले, आणि संध्याकाळी त्याची शुद्ध हरपू लागल्यावर त्याला शहराकडे रवाना केले. तो परत आला नाही. ज्या मुलाचे रक्त साखरेने ओथंबले होते त्याला मी आणखी साखर दिली होती. ती चूक माझी, आणि तिचा कोणताही अंश मी दुसऱ्याच्या माथी मारू इच्छीत नाही.

चार वर्षांनी तीच आई आपल्या पाच वर्षांच्या मुलीला हाताला धरून आली. मुलगी खेळत होती. ताप नव्हता, श्वास संथ होता. "डॉक्टर, हिची बी तहान तशीच हाय," एवढेच ती म्हणाली. निदान त्या माउलीने केले होते. मी फक्त बोट टोचले. ती मुलगी आज स्वतःच्या हाताने इन्सुलिन घेते आणि नोकरी करते. तरीही माझ्या मनातून जात नाहीत ती त्या दोन तहानांमधली चार वर्षे. कारण त्या मुलीच्या रक्तात तिच्या रोगाची इत्तला बहुधा त्या काळातच येऊन पडलेली होती, आणि ती वाचण्याचे साधन तेव्हा माझ्यापाशी नव्हते.

ते साधन आता आहे. १९७४ साली बोत्ताझो, फ्लोरिन-क्रिस्टेन्सन आणि डोनियाक यांनी अशा रुग्णांच्या रक्तात स्वादुपिंडातील द्वीपपेशींविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली. पुढे इन्सुलिन, गॅड, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ यांच्या विरुद्धची प्रतिपिंडे स्वतंत्रपणे मोजता येऊ लागली. २०१५ मध्ये रोगाच्या तीन अवस्था ठरल्या: पहिलीत दोन वा अधिक प्रतिपिंडे असतात पण साखर प्राकृत असते, दुसरीत साखर बिघडू लागते पण मूल हसत-खेळत असते, आणि तिसरी ती, जिला आपण आजवर रोगाचा आरंभ समजत आलो. जर्मनी, फिनलंड आणि अमेरिका येथील मुलांच्या दीर्घ निरीक्षणांतून २०१३ साली असे आढळले की बालपणी दोन वा अधिक प्रतिपिंडे सापडलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांच्या आत प्रत्यक्ष मधुमेह झाला.

मग आधी कळून लाभ काय? लाभ मोहलतीचा. बव्हेरियात २०१५ पासून लहान मुलांच्या रक्ताच्या थेंबांवर ही तपासणी सुरू झाली. ९०,६३२ मुलांतून २८० मुले लक्षणांपूर्वीच सापडली, आणि त्यांपैकी ज्या ६२ जणांचा रोग तिसऱ्या अवस्थेत पोचला त्यांतील केवळ दोघांच्या रक्तात आम्लता झाली. माझ्या दवाखान्यातून शहराकडे गेलेला मुलगा ज्या अवस्थेत गेला, ती अवस्था साठ घरांना पाहावी लागली नाही. इटलीने तर २०२३ मध्ये बालकांच्या अशा तपासणीचा कायदाच केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधास मान्यता मिळाली. दुसऱ्या अवस्थेतील, आठ वा अधिक वर्षांच्या रुग्णांत ते तिसरी अवस्था पुढे ढकलते, मूळ प्रयोगात मध्यममानाने सुमारे दोन वर्षे. दोन वर्षे ही अल्प मुदत वाटत असेल, तर रोज चार टोचण्या धरून हिशोब करावा: तीन हजारांच्या आसपास टोचण्या एका मुलाच्या अंगावरून टळतात.

तथापि, खेळत्या मुलाच्या आईबापांच्या हाती भावी रोगाचा दाखला ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढचा बंदोबस्त नसताना केवळ भाकीत करणे हे वैद्याचे काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून तालुक्यातील प्रत्येक बालकाची प्रतिपिंडे उद्यापासून तपासा, असे मी म्हणत नाही. आपल्या मुलांचे रक्त युरोपातील मोजपट्टीने कितपत मोजता येते याचाही विचार केला पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि एक्सेटरचे संशोधक यांनी २०२० मध्ये दाखविले की युरोपीय लोकांवरून सिद्ध केलेला जनुकीय जोखमीचा गुणांक भारतीय रुग्णांतही या मधुमेहाची निवड करतो, मात्र तेथल्याइतकी नेमकी नाही. हे काम आपल्या मातीत आणखी व्हावयास हवे. कारण आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालील अशा रुग्णांची जगातील सर्वांत मोठी संख्या, सुमारे २ लाख २९ हजार, भारतातच होती.

आरंभ भावंडांपासून व्हावा. पाश्चात्त्य आकडेवारीत सख्ख्या भावंडाला हा रोग होण्याचा संभव शंभरात पाच-सहा, म्हणजे सामान्य मुलाच्या दसपटीहून अधिक आहे. ज्या घरात एक मूल इन्सुलिनवर आहे ते घर आपल्याला ठाऊक असते. त्या घरातील इतर मुलांचा रक्तनमुना शहरात पाठविणे, दोन प्रतिपिंडे आढळल्यास ठरावीक मुदतीने साखर पाहणे, आणि तहान कशी ओळखावी हे आईला आधीच शिकविणे, एवढी तजवीज आपल्या आवाक्यात आहे. घाटी रुग्णालय येथून दूर नाही, डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था मराठवाड्यातील अशा मुलांच्या पाठीशी उभी आहे. आई घाबरली तर तिला कोठे पाठवावे हे आपल्याला माहीत आहे. एक विनंती मात्र आग्रहाने करतो. या नोंदींची वही कुलपात असावी. मुलीचे लग्न जमणार नाही या भयाने इन्सुलिनची कुपी पिठाच्या डब्यामागे लपविणारी घरे मी पाहिली आहेत, आणि आपल्या कागदावरून गावभर बोभाटा झाला तर पुढची आई तपासणीला येणारच नाही.

पण दहांतील सुमारे नऊ मुलांच्या कुळात हा रोग कोणालाही नसतो, आणि त्यांच्यासाठी अजून तहान हीच इत्तला आहे. ती उशिराची आहे खरी, तरी शुद्ध हरपण्याच्या आधीची आहे. म्हणून आजच्या परिषदेपुढील ठरावाच्या मसुद्यात पहिले कलम मी हेच घातले आहे: खूप पाणी पिणारे, नव्याने अंथरूण ओले करू लागलेले, वाळत चाललेले किंवा जोरजोराने श्वास घेणारे मूल दारात आले, तर त्याच क्षणी, ऋतू कोणताही असो, 'उद्या उपाशीपोटी आणा' असे न म्हणता, त्याच्या बोटाचा थेंब तपासावा, सलाइनची बाटली त्यानंतर टांगावी. आशाताई, अंगणवाडीताई आणि हजेरीपटावर वारंवार गैरहजेरी मांडणारे गुरुजी यांनाही ही चार लक्षणे तोंडपाठ असावीत, हे दुसरे कलम. आणि भावंडांची तपासणी हे तिसरे.

पहिल्या कलमासाठी लागणारी ग्लुकोमीटरे बहुतेकांच्या कपाटात आहेत. सोमवारी दवाखाना उघडला की ती बाहेर काढून टेबलावर ठेवावीत, आणि पट्ट्यांच्या डबीवरची मुदत टळून गेलेली नाही ना, तेवढे पाहावे.