आश्रय मागणाऱ्यांचे वकीलपत्र
(बेंगळुरू येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)

मधू दंडवते आपल्याला आठवतात ते 1977 चे रेल्वेमंत्री म्हणून. 1974 च्या संपात नोकरी गमावलेले कामगार त्यांच्या कारकिर्दीत कामावर परत आले. त्याआधी, जून 1975 मध्ये आणीबाणी पुकारली गेली तेव्हा, दंडवत्यांना अटक झाली ती याच शहरात. येथील स्थानबद्धांसाठी कर्नाटक उच्च न्यायालयात धडपडणारे वकील रामा जोइस यांनाही पुढे तुरुंगात टाकण्यात आले. सरकारला नकोशा माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे काय, हे बेंगळुरूने पाहिले आहे.

आज आम्ही काही वकील फी न घेता आश्रयार्थींची प्रकरणे चालवतो. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. जीव मुठीत धरून पळून आलेला माणूस कायद्याच्या लेखी केवळ परकीय.

मग न्यायालयात आमचा आधार कोणता? राज्यघटनेचे कलम 21. ते ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. याच आधारावर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमांना संरक्षण दिले. मे 2021 मध्ये नंदिता हक्सर यांच्या अर्जावरून मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत सुरक्षित जाऊ दिले. उलट, त्याच वर्षी एप्रिलमध्ये जम्मूतील रोहिंग्यांची सुटका करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. रीतसर कार्यपद्धतीवाचून त्यांना परत पाठवू नये, एवढेच सांगितले. म्हणजे यश हमखास नाही. पण वकीलच नसेल तर ही कार्यपद्धती पाळली की नाही, हे विचारणार कोण?

कुणी म्हणेल, आपल्याच माणसांना वकील मिळत नाही, तिथे परक्यांची काळजी कशाला? साथींनो, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील देणारा 1987 चा कायदा दोघांसाठी एकच आहे. तो एकासाठी मोडला, की दुसऱ्यासाठीही मोडायला वेळ लागत नाही. संपात पकडले गेलेल्यांना हे सांगायला नको.

म्हणून आमची मागणी पैशांची नाही. फलाटावर कागदपत्रांवाचून कुणी पकडला गेला, तर ते आधी तुम्हाला दिसते. शाखेने तातडीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. बंगाली वा हिंदी उत्तम जाणणाऱ्यांनी दुभाषी म्हणून नावे द्यावीत. 24 तासांत त्या माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात, तेव्हा त्याच्या शेजारी कुणीतरी उभे असले पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!