हातांचे वय

(पंचाहत्तरीनिमित्त झालेल्या सत्काराला उत्तर देताना केलेले भाषण)



माझ्या पंचाहत्तरीचे निमित्त करून आपण येथे जमलात, याबद्दल मी ऋणी आहे. परंतु नुसते जगत राहणे हे काही कर्तृत्व नव्हे. माझा जन्म 1950 चा. त्याच वर्षी साने गुरुजी गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे 50 होते. डॉ. लोहिया 1967 साली गेले ते 57 व्या वर्षी. या दोघांहून अधिक वर्षे माझ्या वाट्याला आली, पण त्यांच्या एका वर्षाची बरोबरी माझ्या दहा वर्षांना करता येणार नाही. म्हणून हा सत्कार मी वयासाठी नव्हे, तर वयाविषयी चार शब्द बोलण्याची संधी म्हणून स्वीकारतो.

काळ सर्वांना समान लेखतो, असे आपण म्हणत असतो. राव असो वा रंक, दिवस चोवीस तासांचाच. तरुणपणी मलाही हे पटत असे. आता पटत नाही. काळ सर्वांचा सारखा जातो हे खरे, पण माणसे सारखी म्हातारी होत नाहीत.

1972 च्या दुष्काळात मी 22 वर्षांचा होतो. दुष्काळी कामांवर मजुरांची हजेरी नीट लागते की नाही, मजुरी वेळेवर मिळते की नाही, हे पाहत आम्ही काही तरुण गावोगाव हिंडत होतो. एका कामावर माझ्याच वयाची एक बाई खडी फोडीत असे. तान्हे मूल झोळीत आणि हातात हातोडा. गेल्या वर्षी ती मला पुन्हा भेटली. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर तिचा अंगठा उमटत नव्हता आणि त्यामुळे पेन्शन अडकले होते. दहाही बोटे लावून झाली. बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. टेबलापलीकडचा मुलगा काही वाईट नव्हता. "आजी, यंत्र घेत नाही, मी काय करू?" एवढेच तो म्हणाला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, मी जित्ती हाय, येवढं तुमी तरी सांगा."

तसल्याच यंत्राने माझा अंगठा पहिल्या खेपेस घेतला होता. का घेणार नाही? या हातांनी लेखणी आणि ध्वनिक्षेपक यांखेरीज फारसे काही उचललेले नाही. दप्तरात आम्हा दोघांचे वय एकच. हातांचे वय मात्र निराळे. ज्या कष्टांपोटी तिला विसावा मिळायला हवा, त्याच कष्टांनी तिची ओळख पुसून टाकली.

मित्रहो, त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमी पुढे रेटली गेली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, चळवळींनी ती उचलून धरली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. काम मागणे ही भीक नसून हक्क आहे, हे आपण मान्य करवून घेतले. पण काम करून थकल्यावर विसावा घेण्याचा हक्क? घटनेच्या 41 व्या कलमात कामाच्या हक्काशेजारीच वार्धक्यातील साहाय्याचाही उल्लेख आहे. आपण त्या कलमाचा अर्धाच भाग हाती घेतला, ही आपली चूक आहे आणि ती मी माझ्यापासून मोजतो.

केंद्राने 1995 साली वृद्धांसाठी पेन्शन सुरू केले ते महिना 75 रुपयांचे. 2006 साली त्याचे 200 झाले. ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा तेथेच थबकला. महाराष्ट्राने 2023 साली एकूण रक्कम 1500 वर नेली. त्या योजनेचे नाव आहे श्रावणबाळ. नावातच शासनाची दृष्टी दिसते: पुत्राने कावड खांद्यावर घ्यावी तशी ही कृपा. 2007 चा कायदाही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकतो. मुलांनी ती जरूर उचलावी. पण ज्याचे स्वतःचे काम कंत्राटी आहे, त्या मुलाने कावड कोणाच्या बळावर उचलायची? म्हातारपणाची भाकर मुलाच्या सुस्वभावावर किंवा त्याच्या नशिबावर अवलंबून असू नये. तिने आयुष्यभर जे श्रम समाजाला दिले, त्यांचे ते राहिलेले देणे आहे. ते किमान वेतनाशी बांधलेले असावे आणि मागण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये.

आता थोडे माझ्या वयाच्या सहकाऱ्यांसाठी. जयप्रकाशजींनी 1974 साली बिहारमधील आंदोलनाचे नेतृत्व स्वीकारले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि प्रकृतीही ठीक नव्हती. तेव्हा वयाची सबब आपल्याला शोभत नाही. मात्र खुर्ची अडवून बसणे म्हणजे कार्यरत राहणे, असाही समज नको. व्यासपीठ तरुणांना द्यावे आणि आपण कचेरीतील रांगेत जाऊन उभे राहावे. आपल्यापाशी आता वेळ आहे, अर्ज लिहिता येतो, आणि पांढऱ्या केसांना अजून थोडा मान मिळतो. हे भांडवल तेथे खर्च करू या.

आपण दिलेली शाल मी घरी नेतो. मात्र एक गोष्ट मागून घेतो. हयातीच्या दाखल्यांच्या दिवसांत प्रत्येक शाखेने दोन कार्यकर्ते तहसील कचेरीत बसवावेत. ज्यांचा अंगठा उमटत नाही अशांची यादी करावी आणि ती घेऊन तहसीलदारांपुढे उभे राहावे. आमच्या तालुक्यातील पहिले नाव मी आजच देतो. ती बाई जिवंत आहे, हे मी येथे आपणा सर्वांसमक्ष सांगतो.