महामार्गावरील एका वास्तूची कथा



चिपळूण हे पूर्वापार मुक्कामाचे गाव. कुंभार्ली घाट उतरून देशावरचा माल येथे येई आणि गोवळकोट बंदरात गलबते लागत. पुढे मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ झाला. मुंबईपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, गोव्याच्या जवळजवळ निम्म्या वाटेवर असलेल्या या गावाला मोटारीने येणारा नवा पांथस्थ लाभला.

परशुरामाच्या डोंगरावर, धामणदिवी येथे वाशिष्ठीच्या खोऱ्याकडे तोंड करून उभी असलेली वास्तू ही त्याच काळाची खूण. गाव खेड तालुक्यातील, पण वास्तूची ओळख चिपळूणची. ताज समूहाच्या नावाखाली ती ‘गेटवे रिव्हरव्ह्यू लॉज’ म्हणून परिचित होती. रात्रीपुरते थांबावे आणि पहाटे गोव्याची वाट धरावी, असा तेथील अनेकांचा क्रम असे.

१९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. मुंबईत रात्री गाडीत बसलेला प्रवासी सकाळी गोव्यात उतरू लागला. वाटेतल्या मुक्कामाची निकड ओसरली. मात्र लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत कामानिमित्त येणारे आणि कोकण पाहण्यासाठीच येणारे यांची सोय हवीच होती. कालांतराने वास्तूचे नाव ‘रिव्हरव्ह्यू रिसॉर्ट’ झाले. ‘लॉज’ जाऊन ‘रिसॉर्ट’ आले, यातच सारा बदल सामावला आहे.

महामार्गाचा क्रमांकही १७ चा ६६ झाला. जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीवरील जुन्या पुलाचा भाग वाहून गेला आणि परशुराम घाटात दरडी कोसळल्या. एप्रिल-मे २०२२ मध्ये रुंदीकरणासाठी हा घाट रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला. घाट बंद म्हणजे त्यावरील प्रत्येक व्यवसायाचे दार अर्धे बंद.

व्यापारी मंडळींनी यातून एक हिशेब ध्यानी घ्यावा. रस्त्याकाठच्या मालमत्तेचे मोल नुसत्या जमिनीत नसते, ते रहदारीत असते. चौपदरी रस्त्यावरून वाहन वेगाने पुढे निघून जाते. आत वळण्यास जोडरस्ता नसेल, तर उत्तम वास्तूही ओस पडते. मोठ्या हॉटेलला नवा ग्राहक शोधण्याचे बळ असते; चहाच्या टपरीला ते नसते. म्हणून जोडरस्ता, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि दिवे यांचा आग्रह गावाने वेळीच धरला पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी धर्मशाळा बांधताना आधी विहीर पाहिली, मग भिंती उभारल्या. वाटा बदलतील, पाट्या बदलतील. थकलेल्या पांथस्थाची गरज मात्र तीच राहील. ती ओळखणारी वास्तूच टिकेल.