पिशवीतले पाच दिवस



पावसाळा सरत आला की मुंबई-पुण्याच्या रक्तपेढ्यांत डेंग्यूच्या रुग्णांच्या नातेवाइकांची गर्दी होते. प्रत्येकाच्या तोंडी एकच आकडा असतो : प्लेटलेट काउंट कितीवर आला. प्लेटलेटची पिशवी कितव्या दिवसाची, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न नातेवाइकांच्या आधी रक्तपेढीने स्वतःला विचारायला हवा.

योग्य द्रावणात, २ ते ६ अंश सेल्सिअसला लाल पेशी ४२ दिवस टिकतात. प्लेटलेटच्या वाट्याला सहसा पाचच दिवस येतात, तेही २० ते २४ अंशांवर, अ‍ॅजिटेटरवर सतत हलत्या ठेवून. त्यांना थंडी मानवत नाही. ४ अंशांवर साठवलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या शरीरातून फार लवकर नाहीशा होतात, हे स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी १९६९ मध्ये दाखवले. त्याचे एक कारण २००३ मध्ये उलगडले : थंडीने प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे ग्राही (रिसेप्टर) एका जागी गोळा होतात आणि यकृतातल्या भक्षक पेशी अशा प्लेटलेटना गिळतात.

पण उबदार पिशवीत प्लेटलेट स्वस्थ बसत नाहीत. त्यांना केंद्रक नाही, त्यामुळे बिघडलेली प्रथिने नव्याने घडवण्याची ताकद अगदी तुटपुंजी. मायटोकॉन्ड्रिया मात्र आहेत आणि त्या चालूच राहतात. ग्लुकोज जळते, लॅक्टेट साठते, पीएच उतरू लागतो. मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनाच्या साखळीतून निसटणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू आवरणातल्या मेदावर आणि प्रथिनांवर घाव घालतात. या रेणूंना निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन पुरे पडेनासे झाले की ऑक्सिडेटिव्ह ताण वाढत जातो. आवरणाच्या आत दडलेले फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते, पी-सिलेक्टिन पृष्ठभागावर चढते; म्हणजे रक्तस्रावाच्या जागी व्हायचे ते सक्रियण पिशवीतच उरकून जाते. चपट्या तबकडीसारखी प्लेटलेट गोल होते. निरोगी पिशवी उजेडासमोर हलवली की रेशमासारखी झाक दिसते. अनुभवी तंत्रज्ञाला ती नाहीशी झालेली क्षणात कळते. कुठलेही महागडे यंत्र न लागणारी ही तपासणी घाईच्या दिवसांत वगळली जाऊ नये.

आता पाच दिवसांच्या मर्यादेविषयी. अमेरिकेत १९८४ मध्ये ती सात दिवसांवर नेली आणि १९८६ मध्ये पुन्हा पाचवर आणली. कारण होते जिवाणूंचा धोका. सामान्य तापमानाला ते पिशवीत झपाट्याने वाढतात. म्हणजे लेबलवरची तारीख प्लेटलेटच्या प्रकृतीकडे पाहून ठरलेलीच नाही. जिवाणूंची तपासणी सुधारून मुदत वाढवता येते, पण वाढलेल्या प्रत्येक दिवसाबरोबर ऑक्सिडेशनचे नुकसानही वाढते.

उपाय शोधले जात आहेत. अ‍ॅसिटेट असलेली साठवण-द्रावणे वापरात आहेत. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि एल-कार्निटीन यांच्यावर प्रयोग झाले आहेत. इथे उतावीळपणा नको. ऑक्सिजनचे हेच रेणू थोड्या प्रमाणात प्लेटलेटच्या कामाला लागणारे संकेतही असतात; ते सगळे पुसून टाकणारे द्रव्य प्लेटलेटला दुबळे करू शकते. परीक्षानळीतले सुंदर आलेख रुग्णाचा रक्तस्राव थांबल्याचा पुरावा ठरत नाहीत.

आणि मुळात नको तिथे पिशवी चढवली, तर तिची गुणवत्ता काय कामाची? सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत काउंट २०,००० किंवा त्याहून खाली गेलेल्या प्रौढ डेंग्यू रुग्णांना प्रतिबंध म्हणून प्लेटलेट दिल्या गेल्या. रक्तस्राव लक्षणीय कमी झाला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. ऐन हंगामात भीतीपोटी अशी एकेक पिशवी खर्ची पडते, तेव्हा केमोथेरपी घेणारा रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण ताटकळत राहतो.

म्हणून रक्तपेढ्यांच्या या परिषदेकडून एका ठरावाची अपेक्षा आहे. प्रत्येक रक्तपेढीने पिशवी देताना तिचे वय आणि झाक यांची नोंद करावी, अ‍ॅजिटेटर किती वेळ बंद राहिला तेही लिहावे, आणि मुदत संपलेल्या काही पिशव्यांचा पीएच मोजून ते आकडे उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवावेत.