दोन टपऱ्या, दोन कट



भिवंडीत माझ्या घराजवळ समोरासमोर चहाच्या दोन टपऱ्या आहेत. मध्ये रस्ता, तोही एवढा अरुंद की कापडाचे तागे भरलेला टेम्पो आला की दोन्हीकडच्या बाकड्यांवरच्या लोकांना पाय आत घ्यावे लागतात. एका टपरीवर बहुतेक आमच्या मोहल्ल्यातली माणसं बसतात, दुसरीवर बहुतेक पलीकडच्या आळीतली. मला दोन्हीकडे चहा मिळतो. कवीला कोणी फारसं मोजत नाही, त्याचा हा एक फायदा.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी पहिल्या टपरीवर विषय निघाला होता लसीचा. एक गृहस्थ खात्रीने सांगत होते की लसीत असं काही मिसळतात की आपल्या पोरांना पुढे पोरंच होऊ नयेत. आपली संख्या घटवायचा हा डाव आहे. मी चहा संपवला आणि पेपर चाळायला रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. तिथे दुसरे गृहस्थ तितक्याच खात्रीने सांगत होते की ‘हे लोक’ ठरवून संख्या वाढवतायत, वीस वर्षांत देश ताब्यात घेतील. मला बघून ते जरा थांबले, ‘तुम्ही त्यातले नाही हो’ म्हणाले आणि चहा मागवला.

आता हे दोन्ही कट एकाच वेळी खरे कसे असतील? पण दोन्ही टपऱ्या आजही जोरात चालतात.

आकाशवाणीने मला विषय दिला तो असा, की राजकीय कटाच्या कहाण्या इतक्या टिकतात का आणि त्यांचं करायचं काय. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, डॉक्टर नाही की समाजशास्त्रज्ञ नाही. पण या कहाण्यांबद्दल बोलायचा मला एक अधिकार आहे. मी स्वतः त्यातल्या एकीवर विश्वास ठेवलेला आहे.

१९९५ साली देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. नंतर काही वर्षांनी आमच्या घरात मुलगी झाली आणि लवकरच मोहल्ल्यात कुजबूज सुरू झाली, की बाकी कुठल्याही आजाराला दवाखान्यात तासन्‌तास रांग लावावी लागते, मग याच औषधासाठी सरकार घरापर्यंत का येतं? तेही फुकट? तेही पुन्हा पुन्हा? प्रश्न वाईट नव्हता. त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं आणि विचारायला जावं असं कोणी माहितीतलं नव्हतं. निळी पेटी घेऊन बाई दारात आली तेव्हा मी बायकोला म्हणालो, ‘सांग, मुलगी नानीकडे गेलीय.’ मुलगी आतल्या खोलीत झोपली होती. बाईने दारावर खडूने खूण केली आणि गेली. ती खूण मी संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसली.

माझी आई हे बघत होती. तिला आम्ही मां म्हणायचो. तिने मला रागावणं साहजिक होतं, पण ती रागावली नाही. ती म्हणाली, ‘तुझ्या बापालापण असंच लपावं लागलं होतं.’

ती गोष्ट १९७६ ची. वडील शाळेत शिक्षक होते. आणीबाणीत शिक्षकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणायचं उद्दिष्ट दिलं जायचं, नाही आणल्या तर पगार अडायचा. वडिलांचा अडला. कुठली शाळा, कुठला साहेब, ते सोडा, सगळे आता मातीत गेले. दोन महिने घरात आजीच्या बांगड्यांवर चूल पेटली आणि एकदा ‘गाडी येणार’ म्हणून वडील चार दिवस पडघ्याला नातेवाइकांकडे जाऊन राहिले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून ते लागू झालं नाही. हे कुणा एका धर्माविरुद्ध नव्हतं, गरिबाविरुद्ध होतं. पण ज्याच्या घरासमोर गाडी थांबते तो असा हिशेब करत बसत नाही.

तेव्हा पोलिओच्या थेंबांविषयीची कहाणी हवेतून आली नव्हती. तिच्या पोटात आमच्या घरचाच एक खरा दाणा होता. माझ्या मते या कहाण्यांच्या चिवटपणाचं पहिलं कारण हेच. निव्वळ खोटं फार दिवस जगत नाही. खऱ्या जखमेवर बसलेलं खोटं पिढ्यान्‌पिढ्या जगतं.

आणि हे काही भिवंडीचं किंवा मुसलमानांचं खास वैशिष्ट्य नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकार घरांत शिरून रोगी उचलून नेऊ लागलं. गिरणगावात बोललं जाऊ लागलं की इस्पितळात माणसं मारतात आणि त्यांच्या अंगातून ‘मोमियाई’ काढतात. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढल्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस बनवून आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी त्याच लसीच्या एका बाटलीतून धनुर्वाताने १९ माणसं गेली. लस वाईट नव्हती, ती एक बाटली दूषित झाली होती. हाफकिन निर्दोष ठरायला पाच वर्षं लागली. तोवर किती गावांनी दारं लावून घेतली असतील? आता गंमत बघा. आम्ही म्हणत होतो, थेंब अमेरिकेतून येतात. आणि त्याच काळात पोलिओच्या कुप्या भरल्या जात होत्या परळच्या हाफकिनमध्येही. आमच्या तीन बत्तीपासून अंतर पन्नास किलोमीटरच्या आत.

आता रस्त्याच्या पलीकडच्या टपरीकडे येतो. तिथल्या कहाणीची किंमत आम्ही मोजलेली आहे. मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली तेव्हा मी मांच्या पोटात होतो. दंगलीनंतर पोलिसांच्या विशेष तपास पथकाने तपास चालवला तो मुसलमानांचा पूर्वनियोजित कट गृहीत धरून. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी केली आणि त्या पथकाच्या पक्षपाती कामावर कडक ताशेरे ओढले. अहवाल छापला गेला, ग्रंथालयांत गेला. पण टपरीवर अहवाल कोण वाचतो? कटाची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. अहवालाला खंड लागतात.

अगदी अलीकडची दोन उदाहरणं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली म्हणून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला, आमच्या भागापासून फार दूर नाही, दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशाच अफवेत मारले गेले. ती पहिली अफवा. मग मेलेल्यांवर दुसरी अफवा उभी राहिली, की मारणारे मुसलमान होते. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करून सांगावं लागलं की त्यात एकही मुसलमान नाही. यादी वाचून माझ्या मनात पहिली भावना सुटकेची आली, आणि तिची मला लाज वाटली. तीन माणसं मेली होती आणि मी नावं तपासत होतो.

संख्येच्या कहाणीचं म्हणाल तर आकडे उघड आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये एका मुसलमान बाईला सरासरी ४.४ मुलं होत, हिंदू बाईला ३.३. २०१९-२१ च्या पाहणीत हे आकडे २.३६ आणि १.९४ वर आले. दोन्ही घसरले, आमचा जास्त वेगाने. कारण लस नाही की फतवा नाही. मुली शाळेत गेल्या, लग्नं उशिरा झाली आणि यंत्रमागाच्या कमाईत चार पोरं वाढवणं झेपेनासं झालं. दोन्ही टपऱ्यांना हे एकच उत्तर पुरतं. पण मी ते सांगितलं तेव्हा दोन्हीकडे मंडळींचे चेहरे पडले. आकड्यात खलनायक नव्हता ना!

टिकण्याचं दुसरं कारण हेच असावं. आमच्याकडे माग बंद पडतात. का? सुताचा भाव, विजेचं बिल, बाहेरून येणारं स्वस्त कापड, जुनाट यंत्रं, बाजारात अडकलेला पैसा. पाच कारणं, आणि एकाचीही मान पकडता येत नाही. ‘कुणीतरी मुद्दाम करतंय’ म्हटलं की निदान शत्रूला तोंड मिळतं. हतबल माणसाला तेवढाच आधार. आणि एकदा ही कहाणी आपल्या लोकांची झाली की ती नाकारणं म्हणजे रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर जाऊन बसणं. ते कोणाला परवडतं?

मग करायचं काय? मी बरीच वर्षं वाद घातला आणि हरलो. आता थोडं वेगळं करतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, मुलं दगावली. माझ्या आपाच्या नातवाला लस दिलेली नव्हती. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अडून बसला होता. म्हणाला, ‘मामू, पाकिस्तानात लसीच्या नावाखाली अमेरिकेने हेरगिरी केली की नाही?’ मी म्हणालो, ‘केली.’ तो चमकला. त्याला वाटलं होतं मी नाही म्हणणार. २०११ साली अबोटाबादमध्ये बिन लादेनचा माग काढायला सीआयएने एका डॉक्टरकरवी हिपॅटायटिसच्या लसीची खोटी मोहीम चालवली होती. ‘पण बघ,’ मी म्हणालो, ‘ते तुला मला कळलं कसं? काही महिन्यांत पेपरात आलं, डॉक्टरच्या नावासकट. तीन वर्षांनी अमेरिकेलाच लिहून द्यावं लागलं की पुन्हा लसीचा असा वापर करणार नाही. खरा कट असा असतो. लहान, ओबडधोबड आणि फुटणारा. तू म्हणतोस तो कट लाखो नर्सबायका, डॉक्टर, आपल्याच मोहल्ल्यातल्या आशाताई मिळून इतकी वर्षं चालवतायत, आणि एकही बोलत नाही?’

तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, विचार करायला. मी पुढे बोललो नाही. या गप्प बसण्याला जागा ठेवली पाहिजे हे मला मांनी शिकवलं. त्या खडूच्या खुणेनंतर ती मला काही म्हणाली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने ओळखीच्या एका दाईला चहाला बोलावलं, एवढंच. दाईने तिच्या स्वतःच्या नातवंडांना थेंब दिले होते. पुढच्या खेपेला मुलगी दारात उभी होती, तोंड उघडून.

ओळखीचं माणूस हवं, एवढंच या सगळ्यातून मला कळलंय. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसं एकत्र बसवली, तीही नुसती पुढारी मंडळी नव्हेत, साधी माणसं. भांडण नळावरचं असो की नाक्यावरचं, तिथे बोलायचं. याचा परिणाम असा, की अफवा आली तर विचारायचं कोणाला हे लोकांना माहीत होतं. १९९२-९३ मध्ये मुंबई जळाली आणि १९७० व १९८४ च्या दंगलींनी बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली. हे कायमचं औषध नव्हतं. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून इथेच भडका उडाला, दोन पोलिसांचा जीव गेला, गोळीबारातही माणसं गेली. ओळख रोज पाणी घातल्याशिवाय टिकत नाही, आणि पाणी घालणारी माणसं बदलून जातात.

माझा भाचा त्या गप्प बसण्यानंतर चौथ्या दिवशी आला. कटाचा विषय त्याने काढलाच नाही. विचारलं एवढंच, की टोचल्यावर ताप येतो का. मी म्हणालो, येतो कधी कधी, एक-दोन दिवस. आशाताईंना विचारून सांगतो असं म्हणत तिथेच फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. दोघं बराच वेळ बोलले. शनिवारी तो पोराला घेऊन गेला. पोराला रात्री ताप आला, सकाळी उतरला. लसीचं कार्ड आपाने रेशन कार्डाबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवलंय.